सोसायट्यांची आघाडी चालवणाऱ्यांनो, जरा इकडे या: नोंदणी, ठराव, वर्गणी वगैरे

वाशीकरीण

आमच्या नवी मुंबईतल्या वाशी-कोपरखैरणे पट्ट्यातल्या काही सोसायट्यांनी मिळून एक समन्वय समिती केली आहे. बोलताना सगळे फेडरेशनच म्हणतात, पण नोंदणी वगैरे काही नाही. सगळं हौसेचं काम. कोणी निवृत्त, कोणी नोकरी सांभाळून, आम्ही दोघी-तिघी घर सांभाळून. नालेसफाईची पत्रं, बंद पथदिवे, खणून तसेच टाकलेले रस्ते पावसाळ्याआधी बुजवून घेणं, ही नेहमीची कामं. २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक होता, तेव्हा नगरसेवकच नसल्याने लोक थेट आमच्या दारात यायला लागले. तिथपासून कामही वाढलं आणि ओळखही.

आता सप्टेंबर तोंडावर आलाय. वार्षिक सभा ३० तारखेच्या आत उरकायच्यात, आणि त्याआधीच आमच्यात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, रीतसर नोंदणी करा, फ्लॅटमागे वर्गणी लावा, अध्यक्ष-सचिव नेमा, म्हणजे वजन येईल. दुसरी बाजू म्हणते, नोंदणी केली की खुर्च्या आल्या, खुर्च्या आल्या की रुसवेफुगवे आले.

माझं मत सांगून टाकते, मग झोडपा. वजन नोंदणीने येत नाही, ठरावाने येतं. पावसाळी गटाराच्या एका पत्राच्या वेळची गोष्ट. आमचे एक काका पत्र घेऊन गेले. समोरच्या साहेबांनी पत्र वाचलंच नाही, नुसतं विचारलं, "या सगळ्या कमिट्यांना ठाऊक आहे का हे, की तुम्ही चौघांनीच लिहिलंय?" काकांनी पिशवीतून एकेका सोसायटीच्या ठरावाची प्रत काढून टेबलावर ठेवली. ठराव क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक, खाली गोल शिक्का. साहेबांनी चार-पाच प्रती उलटल्या, शिक्के बघितले आणि कनिष्ठ अभियंत्याला आत बोलावून स्थळपाहणीची तारीख त्याच्यासमोरच ठरवली. त्या प्रतींत जे होतं ते नोंदणी प्रमाणपत्रात नसतं.

बाकीच्या ठिकाणी कसं चाललंय? ठाणे, खारघर, ऐरोलीकडचे कोणी आहेत का?

घोडबंदर_रोडवाला

आहे की. ठाण्यात आमची आघाडी जन्मली ती टँकरमुळे. उन्हाळ्यात टँकरचं बिल मेंटेनन्सच्या बरोबरीने जातं तेव्हा शेजारची सोसायटी अचानक सख्खी वाटायला लागते.

ठरावाबद्दल शंभर टक्के सहमत, पण त्याच्याही आधी एक काम असतं: माहिती गोळा करणं. ठाण्याला पाणी चार वाटांनी येतं. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (पाणी पुरवणारी कंपनी), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. शटडाउन एकाचा असतो आणि बोंब सगळ्यांच्या नावाने ठोकली जाते. आम्ही आधी नुसता तक्ता केला. कोणती सोसायटी कोणत्या जलकुंभावर आहे, पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, लाइन किती इंची. वॉचमनला एक वही दिली आणि पाणी आल्या-गेल्याची वेळ लिहायला सांगितली. तो तक्ता घेऊन गेल्यावर बोलणंच बदललं. एकाच जलकुंभावरच्या दोन सोसायट्यांत एवढा फरक का, या प्रश्नाला "वरूनच पाणी कमी आहे" हे उत्तर चालत नाही.

पैशाबद्दल मात्र कानाला खडा. मध्ये कोणीतरी टूम काढली की आघाडीनेच एकत्रित टँकरचा ठेका द्यावा, भाव कमी पडेल. भाव पडला, खरं आहे. पण मग कोणाचा टँकर आधी, कोणाचा अर्धाच भरून आला, कोणाचं बिल थकलं, हे सगळं आघाडीच्या माथी. दोन सोसायट्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. ठेका बंद केला आणि आघाडी वाचली. आता भावाची माहिती सगळ्यांना देतो, व्यवहार ज्याचा त्याने करायचा.

जुना_सचिव

ताई, चांगला विषय काढलात. सोसायटीचा सचिव म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे कायद्याची बाजू मांडतो.

नोंदणीच्या वाटा साधारण दोन. पहिली, १८६० चा संस्था नोंदणी कायदा. किमान सात माणसं लागतात, आणि आपल्या राज्यात त्याच्याच जोडीने १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. म्हणजे दरवर्षी हिशेब, ऑडिट, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हा चेंज रिपोर्ट भल्याभल्यांना नडतो. जुनी कार्यकारिणी सही देत नाही, नवी कागदावर येत नाही, आणि पुढची कैक वर्षं अधिकृत कोण याचाच वाद. दुसरी वाट म्हणजे १९६० च्या सहकार कायद्याखाली सोसायट्यांचा संघ. पण नवी मुंबईत सिडकोच्या (शहर वसवणारं सरकारी महामंडळ) कितीतरी इमारतींत सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालच्या अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन आहेत. त्यांना सहकारी संघात बसवणं अवघड. म्हणजे शेजारची बिल्डिंग बाहेर ठेवून संघ करायचा, याला काय अर्थ?

नोंदणी नसण्याचा खरा तोटा एकच, पण मोठा. कोर्टात जायची वेळ आली तर नोंदणी नसलेल्या आघाडीच्या नावाने उभं राहता येत नाही. अशा वेळी सभासद सोसायट्यांनीच पुढे व्हायचं, त्या स्वतः नोंदणीकृत असतातच. पुन्हा गाडी ठरावावरच येते.

वर्गणीबाबत: सोसायटीचा पैसा सभासदांचा. कमिटीने परस्पर उचलून आघाडीला दिला तर लेखापरीक्षक शेरा मारणारच. द्यायचाच असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी, रक्कम आणि कारण इतिवृत्तात, आणि पावती. झेरॉक्स आणि रिक्षापुरते पैसे लागत असतील तर त्यासाठी बँक खातं कशाला?

चहाबिस्किट

काका, बैठकीचा चहा कोणत्या लेखाशीर्षाखाली घालायचा तेवढं सांगा.

जुना_सचिव

ज्याच्या क्लबहाउसात बैठक, त्याचा चहा. म्हणून तर बैठका फिरत्या ठेवायच्या.

टॉवर_नं_४

माझा मुद्दा थोडा कडवट आहे. आमचं कॉम्प्लेक्स साडेचारशे फ्लॅटचं. आघाडीत आमचं एक मत आणि समोरच्या सोळा घरांच्या बिल्डिंगचंही एकच. पार्किंगचा विषय निघाला की छोट्या बिल्डिंगांना रस्त्यावर गाड्या लावायच्या असतात आणि आम्हाला रस्ता मोकळा हवा असतो. दर वेळी आम्ही हरतो. आमचे मेंबर विचारतात, जायचंच कशाला?

वाशीकरीण

प्रश्न रास्त आहे. सहकाराचं तत्त्व एक सभासद एक मत असं आहे, आणि सोसायटीत दोन फ्लॅटवाल्याला दोन मतं दिली तर तुम्हीही ओरडाल. पण आम्ही मतदान करतच नाही. विषयाचं पत्र आधी मसुदा म्हणून फिरतं, आणि ज्या सोसायटीचा ठराव येतो तिचंच नाव त्या पत्रावर जातं. बाकीच्या गप्प राहतात, विरोधात पत्र देत नाहीत, एवढा एकच संकेत. तुमच्या पार्किंगच्या विषयावर कदाचित कोणाचंच पत्र निघणार नाही. मग नाही निघत. तुमची सोसायटी स्वतःच्या लेटरहेडवर जरूर लिहील. प्रत्येक विषयावर आघाडीचं एकमत हवंच, असं कोणी सांगितलंय?

टॉवर_नं_४

म्हणजे आघाडी फक्त सोप्या विषयांसाठी?

भरती_ओहोटी

टॉवरदादा, सोपे विषय म्हणजे काय ते आमच्याकडे येऊन बघा. धारण तलाव.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगतच्या सखल, भराव घातलेल्या जमिनीवर आहे. सिडकोने शहर आखताना नाल्यांच्या तोंडाशी मोठे तलाव ठेवले. भरतीला खाडीची पातळी चढली की झडपा आपोआप मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटीला झडपा उघडतात, तलाव रिकामा होतो. युक्ती झकास आहे, फक्त तलावात जागा हवी. वर्षानुवर्षं गाळ बसत गेला, गाळावर कांदळवन (खारफुटी) उगवलं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी गाठ पडली की पाणी आमच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. लिफ्टचा खड्डा भरतो, मीटररूमच्या उंबऱ्याशी पाणी येतं आणि वीज बंद करून बसायचं.

आता "गाळ काढा" असं पत्र द्यायला कोण नाही म्हणेल? आमच्याच आघाडीतले पक्षी बघणारे, खाडी जपणारे लोक नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कांदळवनाला हात लावायचा तर सार्वजनिक कामासाठीसुद्धा उच्च न्यायालयाची परवानगी लागते, २०१८ च्या निकालात ते स्पष्ट आहे, आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो. "झाडं काढा" म्हणणाऱ्या पत्राला कुठलाही अधिकारी वर्षभर हात लावणार नाही, कारण त्याच्या हातात तो विषयच नाही. आमच्यातल्या पाणी शिरणाऱ्या सोसायट्या म्हणायच्या, तुम्ही सातव्या मजल्यावरून पक्षी बघता. ते म्हणायचे, तुम्हाला बुलडोझर हवाय. ग्रुपवर इतकं पेटलं की काही दिवस ग्रुपला कुलूप लावलं, फक्त अ‍ॅडमिननी लिहायचं.

मग एका निवृत्त इंजिनिअर काकूंनी (हो, काकूच) दोन्हीकडच्या तिघा-तिघांना ओहोटीच्या वेळी तलावावर नेलं. बांधावरून चालत गेलो. एका झडपेच्या बिजागरीत लाकडाचा ओंडका आणि प्लास्टिक अडकून ती अर्धी उघडीच राहिलेली. म्हणजे भरतीचं पाणी राजरोस आत. दुसऱ्या टोकाला नाल्याच्या तोंडाशी राडारोड्याचा ढीग, तिथे एकही झाड नाही. काकू म्हणाल्या, "झाडांना न शिवता किती कामं आहेत ती आधी मोजा." झडपांची दुरुस्ती, कचरा अडवायला जाळ्या, राडारोडा उचलणं, पावसाळ्यात पंप. यावर दोन्ही बाजूंचे ठराव आले. कांदळवन असलेल्या भागाबद्दल वेगळं पत्र गेलं: परवानगीचा अर्ज करणार की नाही, केला असेल तर कुठे अडलाय, एवढंच लेखी कळवा. त्यावरही सगळ्यांच्या सह्या झाल्या, कारण उत्तर दोघांनाही हवंच होतं.

झडपा दुरुस्त झाल्या. तलाव अजून भरलेलाच आहे. पाणी शिरतं, पण पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं.

घोडबंदर_रोडवाला

या प्रतिसादाला दंडवत. झडपेचा फोटो काढला होता का? पत्राला जोडायला?

भरती_ओहोटी

काढला होता. मागे ओळखीची खूण, तारीख-वेळ आणि त्या दिवसाची ओहोटीची वेळ खाली लिहून. नुसता फोटो दिला की "हा जुना आहे" असं उत्तर येतं.

गावठाणातला

सगळं वाचलं. एक विचारतो. या आघाड्यांत गावठाणातलं कोणी आहे का? जुहूगाव, बोनकोडे, खैरणे? माथाडींच्या घरांतलं?

पाणी तुंबतं तेव्हा पहिलं आमच्याकडे तुंबतं. ज्या झडपांबद्दल वरती लिहिलंय त्या खाडीत आमच्या लोकांच्या होड्या लागतात, भरती कधी आणि किती चढणार हे विचारायला इंजिनिअर लागत नाही. पण पत्रावर सह्या कोणाच्या, तर ज्यांच्याकडे गोल शिक्का आहे त्यांच्या. आमच्या घरांना सोसायटी नाही, कमिटी नाही, शिक्का नाही. वाशीकरीण ताईंची ठरावाची पद्धत चांगली असेल, पण त्या पद्धतीत आम्ही मोजलेच जात नाही. उद्या तुमच्याच आघाडीचं पत्र जाणार, "पदपथावरचे फेरीवाले हटवा" म्हणून. त्यात आमच्या गावातल्या मासेवाल्या बायका पण येतात. शहर ज्यांच्या जमिनीवर उभं राहिलं, त्यांना साडेबारा टक्क्यांसाठी (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडासाठी) किती वर्षं भांडावं लागलं ते आठवा, मग आघाडी कोणाची ते ठरवा.

वाशीकरीण

दादा, याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. गावठाणाचं ग्रामस्थ मंडळ आहे, बऱ्याच ठिकाणी नोंदणीकृत असतं. त्याचा ठराव आम्ही सोसायटीच्या ठरावाइतकाच धरू शकतो. माथाडी घरांच्या ओळीत मात्र मंडळही नसतं. तिथे गल्लीतल्या घरमालक आणि भाडेकरू दोघांच्याही सह्यांचं निवेदन घ्यावं, असं सुचवते. फेरीवाल्यांचं पत्र आमच्याकडे दोनदा आलं, दोन्ही वेळा पुरेसे ठराव आले नाहीत म्हणून निघालं नाही. पण ते कोणी विरोध केला म्हणून नाही, हे कबूल.

गावठाणातला

मंडळाचं नाव घेतलंत ते बरं. बैठक गावातल्या देवळाच्या सभामंडपात एकदा ठेवा. चहा आमच्याकडून, म्हणजे सचिव काकांच्या नियमाप्रमाणे.

खारघर_से_१२

आमच्याकडची गोष्ट वेगळ्या वळणाची. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका झाली, खारघर तिच्यात गेलं. पुढे मालमत्ता कराची बिलं आली ती मागच्या तारखेपासूनची, आणि त्याच काळाचं सेवाशुल्क लोकांनी सिडकोला भरलेलं. दुहेरी कर नको, यावर सगळ्या वसाहती एक झाल्या. एवढी एकी मी आयुष्यात पाहिली नव्हती. मग काहींनी व्याजाच्या भीतीने भरून टाकलं, काही कोर्टाकडे डोळे लावून बसले. भरलेले म्हणाले, आमचा विषय संपला. न भरलेले म्हणाले, तुम्ही पाठीत सुरा खुपसला. ज्या ग्रुपवर हजारो लोक होते तिथे आता सुप्रभातचे फोटो येतात.

त्यामुळे मला वाटतं, मोठ्या लढ्यासाठी जमलेली गर्दी आणि पथदिव्यासाठी महिनोन्‌महिने पाठपुरावा करणारी आघाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप होत नाही. आमच्या सेक्टरात आता सातच सोसायट्या उरल्यात, पण त्या दर महिन्याला भेटतात.

आणि हो, निवडणुकीचं काय करता? आमच्याकडे एक पदाधिकारी उमेदवारीच्या रांगेत होते. त्यांच्या शुभेच्छांच्या फलकावर आघाडीचं नाव झळकलं, तेही आमच्याच गेटवर.

जुना_सचिव

उमेदवारी मागायची असेल तर आधी आघाडीतून बाहेर, हे लेखी हवं, आणि बोलणी सुरू झाली त्या दिवसापासून. अर्ज भरल्यावर नव्हे. निवडून आले तर त्यांचं स्वागत करू, पत्रं त्यांनाही देऊ, पण पत्रावर नाव नाही. फलकाबाबत तर १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहेच, गेटवर फलक लावायला परवानगी कोणी दिली एवढं विचारा.

आणखी एक, पाठपुरावा करणाऱ्यांसाठी. माहिती अधिकाराचा अर्ज आघाडीच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर करू नका. २००५ चा कायदा नागरिकाला अधिकार देतो, संस्थेला नाही; लेटरहेडवरचा अर्ज परत येऊ शकतो. कोणीतरी एकाने स्वतःच्या नावाने करायचा. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. "रस्ता का केला नाही" असं विचारू नका, "अमुक रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तकाच्या प्रती द्या" असं विचारा.

लोकल_८_०७

मी आघाडीतला 'तरुण' सभासद, वय ४१. सगळी सरकारी कामं दुपारी तीन ते पाच, म्हणजे मी तेव्हा अंधेरीत. वॉर्ड ऑफिसला कधीच जाऊ शकत नाही, म्हणून मला कोणी कामच देत नव्हतं. आता ऑनलाइन आरटीआय, पत्रांचे मसुदे आणि पोच घेतलेल्या प्रती स्कॅन करून ठेवणं एवढं माझ्याकडे. प्रत्येक पत्राला आवक क्रमांक, तारीख, कोणत्या टेबलवर आहे, पुढची आठवण कधी, असा एक साधा तक्ता. जाणारे काका बदलले तरी फाइल थांबत नाही. माणसं नाहीत म्हणून रडणाऱ्या आघाड्यांनी आधी कामाचे तुकडे पाडून बघावेत.

टॉवर_नं_४

तक्त्याचा नमुना इथे टाकाल का? आणि ताई, ठरावाचा मसुदाही. आमच्या कमिटीत मांडून बघतो. पार्किंगचा राग अजून आहे, पण गटाराचं पाणी आमच्या बेसमेंटमध्येही येतं.

वाशीकरीण

हा आमचा मसुदा, हवा तसा बदला:

"संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत असा ठराव करण्यात येतो की, परिसरातील नागरी सुविधांच्या प्रश्नांबाबत इतर गृहनिर्माण संस्थांसोबत संयुक्त पत्रव्यवहार करण्यास संस्थेची संमती आहे. त्यासाठी एक प्रतिनिधी व एक पर्यायी प्रतिनिधी नेमण्यात येत आहेत. प्रत्येक विषयाचा पत्रमसुदा व्यवस्थापक समितीने मंजूर केल्यावरच संस्थेचे नाव वापरता येईल. या कामासाठी संस्थेवर कोणतेही आर्थिक दायित्व राहणार नाही. ही संमती पुढील वार्षिक सभेपर्यंत वैध राहील."

शेवटचं वाक्य गाळू नका. कमिटी बदलली की जुने प्रतिनिधी तसेच येत राहतात आणि नवी कमिटी म्हणते आम्हाला माहीतच नाही. दरवर्षी नव्याने विचारलेलं बरं, ज्यांना नको ते सप्टेंबरमध्ये गुपचूप गळतात, भांडून जात नाहीत.

खारघर_से_१२

आमच्या सातांपैकी दोन अपार्टमेंट असोसिएशन आहेत. 'संस्थेच्या' ऐवजी 'असोसिएशनच्या' आणि 'व्यवस्थापक समिती'च्या जागी 'व्यवस्थापक मंडळ' चालेल ना, सचिव काका?

जुना_सचिव

चालेल, पण आधी अपार्टमेंट कायद्याखालच्या तुमच्या घोषणापत्रासोबतच्या उपविधीत काय शब्द आहे तो बघा आणि तोच लिहा. सूचक-अनुमोदकाची नावं फ्लॅट नंबरसकट.

लोकल_८_०७

तक्ता रात्री टाकतो. आत्ता ठाण्याला गाडी उभी आहे आणि नेट येत-जात आहे.